परसदारची खाडी

वर्गात मी रंगात येऊन सांगत होतो: कोकणातलं आमचं गाव, परसदार उघडलं की खाडी, उन्हाळ्यात मचूळ होणारं विहिरीचं पाणी. शांतानं हात वर केला.

"सर, तुम्ही कधी गेला होता?"

मी मॉरिशसबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. आणि त्या दिवशीचा विषय होता प्रायमरी आणि सेकंडरी सोर्स! प्रायमरी म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलं, भोगलं, त्याचे शब्द. सेकंडरी म्हणजे त्यावरून दुसऱ्यानं सांगितलेलं. वर्ग हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

ऐंशी सालच्या सुमाराची ही गोष्ट. शांता ग्रां बुआ या खेड्यातली. पदवीसाठी तिनं 'आमच्या पूर्वजांचं गाव' असा प्रबंध लिहिला होता. सगळी मदार आजीच्या आठवणींवर. आमच्या विभागाच्या हेडनी तो परत केला.

"आजीनं गाव पाहिलंय?"

"नाही, सर."

"मग ही ऐकीव माहिती. प्रायमरी सोर्स आणा, नाहीतर यंदा डिग्री विसरा."

शांता रडकुंडीला आली. तिचा गाइड मी. रविवारी टेपरेकॉर्डर काखोटीला मारून मी राहतो त्या व्हाकोआ शहरातून तिच्या घरी गेलो. आजी उसाच्या शेताकडे तोंड करून बसली होती.

"आजी, गाव कुणी पाहिलं?"

"माज्या आज्यानं."

"आणि तुम्ही?"

"अयो! मी ग्रां बुआ सोडून कवा गेले? लगीन पन समोरच्याच घरात." मग म्हणाली, "पन सांजच्याला चूल पेटवली का वाटतं, तिकडं पन पेटली असंल. कुनीतरी आपली वाट बगत असंल."

शांतानं टेप बंद केला. "सर, हेही ऐकीवच ना?"

"गाव ऐकीव," मी म्हणालो. "हे वाटणं आजीचं स्वतःचं."

सोर्स प्रायमरी की सेकंडरी, हे आपण काय विचारतो त्यावर ठरतं. गावाबद्दल आजी सेकंडरी. गावाच्या ओढीबद्दल प्रायमरी. प्रबंधाचं नाव आम्ही बदललं: 'ग्रां बुआला आठवणारं गाव'. शांतानं तो नव्यानं लिहिला, वर्गात ऐकलेल्या माझ्या खाडीसकट.

हेडनी वाचला. "आता चालेल. ते खाडीचं पानभर वर्णन तेवढं काढा."

शांता पास झाली. खाडी गेली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमची खाडी ऐकतेय. कधी गेलात, तर मला बरोबर न्या. येऊन सांगू नका."