शालीखालचं मनगट
घरात छताचं पीओपी चालू आहे, आणि ओल्या प्लास्टरच्या वासाने मला मावशीचं मनगट आठवतंय. दोन हजार सालाच्या आसपास ती अमेरिकेहून नाशिकला आली, तेव्हा मार्चच्या उन्हातही तिच्या डाव्या हातावर शाल होती. शाल काढली, तर खाली मळकी पट्टी आणि सुजलेलं मनगट. बर्फावर घसरून मावशीचं मनगट मोडलं होतं. तिथे तात्पुरती पट्टी बांधून दिली, पण पुढच्या उपचारांना विमा कंपनी परवानगीच देईना. फोनवर भांडण्यात तीन आठवडे गेले होते. आम्ही तिला तसंच गंगापूर रोडवरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात हाच ओला, चुन्यासारखा वास होता. एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "ताई, हाड वाकडं जुळायला लागलंय. भूल देऊन पुन्हा मोडावं लागेल." मला वाटलं, आता ती रडेल. तिने सवयीच्या आवाजात विचारलं, "मोडायचं बिल वेगळं आणि भुलीचं वेगळं का?" डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मागच्या महिन्यात माझा गुडघा सुजला. कुठे दुखतंय हे डॉक्टरांना सांगायच्या आधी मी विचारलं, "हे माझ्या विम्यात बसतं का?"