तीन घरं, दोन रंग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सत्तरच्या दशकात नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. वर्गातला माझा एकच मित्र, विणकराचा मुलगा. त्याच्या घरी मागाशेजारी सतरंजी टाकून आम्ही अभ्यास करायचो.

मला एकच ध्यास होता. कणाचं उत्तर मोजण्याआधीच त्याच्या आत लपलेलं असतं, असं दाखवायचं. सेमिनार त्यावरच होता, आणि संशोधनाची एकुलती जागा सेमिनारवर ठरायची होती.

त्याचे वडील लुगड्याच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर भरत. भरलेलं घर म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे खाली. एका दुपारी त्यानं तोच कागद ओढला. दोन जुळे कण, मोजायच्या ठरावीक तीन दिशा, प्रत्येक दिशेचं उत्तर वर किंवा खाली. दोघांची एकच दिशा मोजली तर उत्तर सारखंच येतं. म्हणजे दोघांजवळ एकच नक्षी, असं धरायचं.

"आता भर," तो म्हणाला. "घरं तीन, रंग दोन. कसंही भर गा, दोन घरं सारखी येतेच. म्हंजे दोघांच्या दिशा वेगळ्या घेतल्या तरी तिनातून एकदा तरी जुळलंच पाहिजे. अन् तुह्यं क्वांटमचं पुस्तक म्हणते चारातून एकदा. म्हंजे आधी भरलेली नक्षीच नाही देवाजवळ, लेका. माह्या बापानं त्याले मागावरून उठवलं असतं."

सेमिनारला मी माझा ध्यास सोडून फळ्यावर तीच घरं काढली. ही युक्ती कुठून आली, असं सरांनी विचारलं. तो शेवटच्या बाकावर होता. सुचली, मी म्हणालो. जागा मला मिळाली.

परतताना तो सायकल हातात धरून चालत होता.

"माहं नाव घ्याचं राहून गेलं, का आधीच ठरलं होतं?"

"राहून गेलं."

त्यानं मान हलवली. परीक्षेनंतर तो उमरेडला मामाच्या मागावर गेला, इतकंच कानावर आलं. मी कधी गेलो नाही.

राहून गेलं नव्हतं. सकाळी दाढी करतानाच ठरलं होतं. 'सुचली' हा शब्दसुद्धा आरशासमोर म्हणून पाहिला होता.

ती घरं मी दरवर्षी शिकवतो. यंदा एका मुलीनं विचारलं, हे तुम्हालाच सुचलं का सर? नाही, माझ्या मित्राला, म्हणालो. ते आता काय करतात, तिनं विचारलं.

बाजारात उमरेडचं लुगडं दिसलं की मी अजून काठाशी थांबतो, घरं मोजतो. दुकानदाराला वाटतं, घेणार आहे.