अमेरिकेची पत्रिका

अमेरिकेची पत्रिका मांडणारा वऱ्हाडातला पहिला माणूस मी, आणि शेवटचाही मीच.

ते दिवसच तसे होते. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. कापसाला असा भाव आला की आमच्या चांदूर बाजार गावात जो जे शिकला होता ते सोडून कापसात शिरला. वैद्यबुवा काढे उकळायचे सोडून गाठोडी बांधायला लागले (पडसं झालं की रोग्यानं त्यांना बाजारात शोधत फिरायचं!). कीर्तनकार दलाल झाले. आवाज होताच, नुसता विषय बदलला. व्याकरण शिकलेले एक शास्त्री दुसऱ्याच्या कापसाची राखण करत बसत आणि बैलांना शुद्ध संस्कृतात हाकलत.

विद्येला चिकटून राहिलो तो मी एकटा. आम्ही गावचे जोशी. थोडी शेतीही होती. बाबांनी ठरवलं, थोरल्यानं नांगर धरायचा आणि धाकट्यानं पोथी. त्याप्रमाणे दादा शेतात गेला आणि मी नाशिकला. दादाची हुशारी माझ्याहून कमी नव्हती, पण तो कधी बोलला नाही. बाबा गेले तेव्हाही तो मला एवढंच म्हणाला, "नाऱ्या, तू शिक. घराचं मी पाह्यतो." ज्योतिष शिकून, 'मले'चं 'मला' करून मी परत आलो, ओसरीवर पाट मांडून बसलो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागलो.

गिऱ्हाईक येईना! ज्याच्या कापसाला असा भाव तो साडेसाती कशाला विचारतो? दादा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगे, "आमचा नारायण शिकलेला हाय." ऐकणारा विचारी, "मंग करते काय?" दादा म्हणे, "बसते."

त्या वर्षी कापूस उदंड पिकला. अजून चढेल, अजून चढेल, म्हणून दादानं तो विकला नाही, घरात भरला. आधी कोठी भरली, मग माजघर, मग देवघर. पूजेच्या वेळी मी कोपरापर्यंत हात घालून देव शोधून काढी. (एकदा बाळकृष्ण दोन दिवस सापडले नाहीत!) ठिणगी उडेल म्हणून वहिनींची चूल अंगणात गेली. चैत्रातलं वऱ्हाडातलं ऊन, आणि आम्ही कापसात गळ्यापर्यंत! वहिनी पदरानं वारा घेत म्हणत, "अवं माय, गादीत शिवून टाकल्यावानी झालं हो भाऊजी!"

अशात एके दिवशी अकोल्याचे जेठाशेठ दारात उतरले. मोठे व्यापारी. दरसाल आमचा कापूस तेच नेत. ओसरीवर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "दादासाहेब, मुंबईची खबर हाय. तिकडे लढाई थांबणार म्हणतात. थांबली तं भाव बसला समजा. आज देऊन राहिले तं आज घेतो. उद्याचं मी नाई सांगत."

दादा विचारात पडला. वर्षाचा सगळा घाम त्या घरात कोंबलेला होता. एकदा तो शेठकडे पाही, एकदा कापसाकडे. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तो वळून माझ्याकडे पाहू लागला.

"नाऱ्या, तू शिकला हायस. तूच सांग."

अखेर विद्येला काम मिळालं! मी पाट ओढला, पंचांग उघडलं, पाटीवर राख पसरली आणि विचारलं, "अमेरिकेची जन्मवेळ काय?"

शेठ म्हणाले, "महाराज, ते तं मुलूख हाय!"

"हरकत नाही. जन्मवेळ नसली की नावावरून रास धरतात."

आतून वहिनींनी विचारलं, "पोरगी कोणाची होय?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. नावाचं पहिलं अक्षर अ. अ म्हणजे कृत्तिका नक्षत्र, पहिला चरण, मेष रास. लिहिता लिहिता माझा हात थांबला. मी ओरडलोच, "दादा! अमेरिका अ, आणि आपली अमरावती?"

"अ," दादा म्हणाला.

"आणि अकोला?"

"तेही अ! बाप्पा!"

"एक रास, एक नक्षत्र, एक चरण! अमेरिका आणि अमरावती जुळ्या बहिणीच म्हण. तिचे ग्रह ते आपले ग्रह. आणि गुरू कुठे आहे पाहा, धनू राशीत! मेषेला नववा! भाग्यस्थान! दादा, मेषेचं भाग्य उघडतं आहे. तिचंही आणि आपलंही. एक बोंडसुद्धा विकू नकोस!"

दादानं कपाळाला आठ्या घातल्या. "पण मले एक सांग. तिचं भाग्य उघडलं म्हणजे तिची लढाई थांबली. अन् लढाई थांबली म्हणजे आपला भाव..."

प्रश्न अडचणीचा होता. मी त्याच्यावर एक लांबलचक श्लोक फेकला. दादानं हात जोडले. श्लोकापुढे दादाचं नेहमीच असं होई.

जेठाशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पागोटं सारखं केलं आणि ते उठले. मी म्हटलं, "शेठ, तुमचं अकोलाही त्यातच आहे. तुम्हीही विकू नका."

"महाराज, आपलं शास्त्र मोठं हाय," ते नम्रपणे म्हणाले. "पर माह्यं नाव ज वरून हाय. माही रास मकर." आणि गेले. पुढे कळलं की अकोल्याला पोचल्या पोचल्या त्यांनी होता तेवढा माल काढून टाकला.

ही बातमी गावात फिरायला कितीसा वेळ! "जोशाच्या नाऱ्यानं अमेरिकेची पत्रिका काढली!" संध्याकाळपर्यंत ओसरीवर माणूस मावेना. वैद्यबुवांनी विकायला काढलेली गाठोडी पुन्हा घरात नेली. कीर्तनकार बाजारभर माझं नाव घेत हिंडले. दादा दारात उभा राहून येईल त्याला सांगत होता, "आता कळलं का, शिकलेला माणूस काय करते ते?" त्याचा चेहरा त्या दिवशी जसा दिसला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

माझं भविष्य तंतोतंत खरं ठरलं. मेषेचं भाग्य उघडलं. फक्त ते अमेरिकेचं उघडलं.

लढाई थांबली. मुंबईहून खबर आली आणि अमरावतीचा बाजार असा बसला की काही विचारू नका. दादा बैलबंड्या भरून तिकडे गेला. आदल्या साली वेशीबाहेर धावत येऊन बंडीला हात घालणारे दलाल आता उठूनही बसले नाहीत. थोडा माल कसाबसा गेला, बाकीचा दादा परत घेऊन आला. बैल सोडले, तांब्याभर पाणी प्याला आणि मला म्हणाला, "माल उतरू लाग."

बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वैद्यबुवांनी भरपूर घातल्या, त्या मी आनंदानं ऐकून घेतल्या. दादाचं न बोलणं मात्र मला सोसेना. चार दिवसांनी जेवताना तो ताटाकडे पाहत म्हणाला, "नाऱ्या, पाट उचलून ठेव. उद्यापासून वावरात ये. बाबाची चूक झाली. त्याईनं तुले फुकटच तिकडे धाडलं."

त्या रात्री मी खूप रडलो. स्वतःसाठी नाही, बाबांसाठी. आणि दुसऱ्या दिवसापासून वावरात जाऊ लागलो. तिथे मी काय दिवे लावले ते विचारू नका. निंदताना मी तण ठेवून कपाशी उपटली!

पावसाळा सरता सरता शेजारच्या गोदाकाकू ओसरीवर आल्या. मुलाचं लग्न ठरवायचं होतं आणि गावात दुसरा जोशी नव्हता. (नाहीतर कोण येतं!) दादा समोर दावं वळत बसला होता. मी खाली मान घालून विचारलं, "मुलाचं नाव?"

"अनंता."

"मुलीचं?"

"अंबू. जन्मवेळ कोणाचीच ठाव नाई बा. नावावरूनच पाह्य."

"मग पाहायलाच नको काकू! दोघांचं अक्षर अ. एक नक्षत्र, एक चरण, म्हणून नाडीही एकच. एकनाड! आणि तीही अंत्य नाडी! शास्त्रात याहून वाईट जोडी नाही. यांची गाठ बांधली की एकाचं भलं झालं तर दुसऱ्याचं वाटोळं झालंच म्हणून समजा. दोघं मिळून कधीच..."

आणि मी मान वर केली.

दादाच्या हातातलं दावं थांबलं होतं. आत वहिनींचं जातंही थांबलं.

"नाऱ्या," दादा सावकाश म्हणाला, "अमेरिका अन् अमरावती?"

"एक नक्षत्र," मी म्हणालो. "एक चरण."

"मंग नाडी?"

"एकच, दादा. अंत्य."

"म्हणजे तिचं भलं तं आपलं वाटोळं. हे पोथीत होतं?"

"होतं."

"तुले येत होतं?"

"पाठ होतं. पण ते लग्नाच्या प्रकरणात येतं, दादा. मी लढाईच्या प्रकरणात पाहिलं."

दादाला हसू फुटलं. इतकं हसला की दावं हातातून पडलं, आणि हसता हसताच त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "म्हणजे बाबाची चूक नव्हती! त्याईनं शिकवलं ते बराबर होतं!" तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. माझ्याबद्दल त्यानं काहीच म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग तो उठला, आतून पाट आणला आणि स्वतःच्या हातानं ओसरीवर मांडला. "बस इथं. पण लग्नंच जुळव. माणसाईचीच."

तेव्हापासून मी लग्नंच जुळवतो आहे, आणि पंचक्रोशीत माझं नावही बरं आहे. आता माझे केस पिकले. पण अजूनही मी कुणाला "जमतं, गाठ बांधा" असं म्हणायला तोंड उघडलं, की ते पुरं व्हायच्या आत माजघरातून वहिनी ओरडतात, "भाऊजी, नाडी पाह्यली का?"