सातबाऱ्यावरचं दुसरं नाव

नात तिसऱ्या वर्षाला होती. अन्नप्रक्रियेचं शिकते ती, म्हणजे टोमॅटोचा सॉस कसा टिकतो, द्राक्षं वाळताना आत काय होतं, असलं. तिच्या कॉलेजनं दोन मुली जर्मनीला पाठवायच्या ठरवल्या, एका सेमिस्टरसाठी, म्हणजे सहा महिने. त्यात हिचा नंबर लागला. तिकडच्या विद्यापीठाची फी माफ होती, पण राहणं, खाणं, विमा, तिकीट आपलं आपण बघायचं. हे सांगायला ती शेडात आली तेव्हा मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. मी मान वर केली नाही. किती लागतील एवढंच विचारलं.

"आठ लाख धरून चला, आबा."

"धरले."

"आबा, आठ लाख म्हणाले मी."

"मी अजून बहिरा झालेलो नाय."

तिनं मग खाली बसून सगळं समजावलं. तिकडच्या बँकेत सहा महिन्यांचा खर्च आधीच नेऊन अडकवायचा. दर महिन्याला ठरलेला तेवढाच सुटतो, जास्त मागितला तरी देत नाहीत. ही रीत मला पटली. आपल्याकडं अशी असती तर निम्मा गाव सुधारला असता. ती हसली. मला तिचं ते हसणं आठवतं, कारण पुढं बरेच दिवस ती घरात हसली नाही.

एक मदतही मिळणार होती. घरची ऐपत नाही असं लिहून दिलं की निम्मा खर्च एक संस्था उचलणार होती. फॉर्म तिनं आणला होता. मी तो वाचायला घेतला. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यामुळं मी बोट ठेवून वाचतो आणि वेळ लागतो. 'ऐपत नाही' इथवर आलो आणि परत दिला. म्हणालो, "आपण मागून खाणारे नाय. एक एकर अकरा गुंठे रान हे, नाशिक शहराला लागून. ते गहाण टाकू. कागद एकदम साफ हे." तिनं बापाकडं पाहिलं. माझा मुलगा नाशिक रोडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, घरात माझ्यापुढं तो फारसा बोलत नाही. तेव्हाही बोलला नाही. फॉर्मची तारीख गेली.

बँकेत आम्ही तिघं गेलो. पैसे भरायला साधारण एक महिना उरला होता. सहा महिन्यांच्या शिक्षणाला तसं कर्ज देत नाही, पण जमीन तारण दिली तर बघू, असं आधीच सांगितलं होतं. साहेबाच्या जागी बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी कॉम्प्युटरवर उतारा काढला आणि मला म्हणाल्या, "काका, सातबाऱ्यावर दोन नावं आहेत."

"दुसरं बहिणीचं हे. ती पिंपळगाव बसवंतला दिली. चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"हक्कसोडपत्र झालंय का?"

"कसतो मी. वडील गेल्यापासून एकटा कसतो."

"कसता तुम्ही, काका. मालक दोघं आहात. त्यांची सही लागेल."

मागं रांगेत आमच्याच शिवारातले दोघं उभे होते. त्यांनी ऐकलं. मी उतारा घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन मोटरसायकलच्या मागं बसलो. नात तिथंच काही विचारत राहिली होती. मुलानं तिला दुसऱ्या फेरीत आणलं.

आता ते दुसरं नाव. वडील वारले तेव्हा तलाठ्यानं वारस लावले, मी आणि बहीण. त्यात नवं काही नाही, सगळ्यांच्याच उताऱ्यावर बहिणींची नावं लागतात. मग एखाद्या दिवाळीला बहीण माहेरी येते, भाऊ तिला साडीचोळी घेतो, दोघं तालुक्याला जातात, ती सही करते, नाव कमी होतं, घरी पुरणपोळीचं जेवण होतं. असंच चालत आलेलं. मी तिला येवल्याची साडी घेतली होती, जांभळी. हक्कसोडीचा कागद स्टॅम्प वेंडरनं तयार ठेवला होता. मी तो वाचलाही नव्हता. वाचायचं काय त्यात?

तिनं वाचला. ती सातवी झाली आहे. मी शाळा सोडून डोक्यावर मेथीची पाटी घेतली तेव्हा ती पहिलीत होती, आणि त्या मेथीवर ती सातवी झाली, हे मी तिला आयुष्यात बऱ्याचदा ऐकवलेलं. तिनं ऑफिसातल्या बाकावर बसून मोठ्यानं वाचलं, "मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय." आणि मला म्हणाली, "दादा, मला कोणी विचारलं होतं का रे?"

मी म्हणालो, "विचारायचं काय? सही कर, उशीर होतोय."

तिनं पेन खाली ठेवलं. साडीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी लोकांसमोर जे बोललो ते इथं सांगत नाही. तिला तिथंच सोडून निघून आलो. त्याला चौदा वर्षं झाली. भाऊबीज बंद, येणं-जाणं बंद. तिचा नवरा वारला तेव्हा मी गेलो, दारात उभा राहिलो, पाणी न पिता आलो. रान मी कसत होतो, पीक मी काढत होतो, तेव्हा नावाचं काय एवढं, असं मी धरून चाललो होतो. नाव पुसलं जातं असंच मला वाटत असावं, वापरात नसलेल्या वाटेसारखं.

बँकेतून आल्यावर मुलगा म्हणाला, "मी जातो आत्याकडं."

"कोणी जायचं नाय."

"मग पोरीचं काय?"

"बघू."

बघू म्हणालो, पण बघायला काही नव्हतं. दोन-चार गुंठे विकायचे तरी तिची सही लागणार होती. मी पहाटे उठत होतो, माल काढत होतो, बाजारात देऊन येत होतो. जेवत होतो. झोपही लागत होती. सुनेनं ताट वाढताना भांडं आपटलं तर ऐकू येत होतं, पण ते शेजारच्या घरात आपटल्यासारखं. काळजी अशी नव्हती, रागही नव्हता. दाढेला सुई दिल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तसे ते दिवस होते. नात मला काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर मी ओरडलो असतो आणि ते बरं झालं असतं.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी ती ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एवढं काय लिहिती, विचारलं.

"कॉलेजला मेल. माझी जागा दुसऱ्या मुलीला देतील. परवापर्यंत कळवायचंय."

"वाच."

"इंग्रजीत आहे, आबा."

"मराठीत वाच."

तिनं वाचलं. तुम्ही मला निवडलंत याबद्दल आभार, पण घरगुती कारणामुळं मी येऊ शकत नाही, क्षमस्व. एवढंच होतं. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी म्हणालो, "घरगुती कारण म्हणजे मीच ना?"

ती म्हणाली, "तसं लिहायची पद्धत असते."

"धाडू नको उद्यापर्यंत."

बँकेतल्या बाईंनी नातीकडं दिलेला संमतीचा कागद घरात होता. दहा दिवस तो फळीवर पडून होता आणि मी तो दोनदा अख्खा वाचून काढला होता, बोट ठेवून. घरात ते कोणाला माहीत नव्हतं. सकाळी तो खिशात घातला आणि पिंपळगावची एसटी धरली. बहिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ नये असं आपल्यात आहे. दुकानासमोर मी थांबलो होतो. पण साडी नेली तर ती काय म्हणेल ते मला आधीच ऐकू आलं. भाजी नेली तर ती तिच्याच रानातली. मग काहीच घेतलं नाही.

ती अंगणात कांदे निवडत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून उठली नाही.

"हात हालवीत आलास?"

"साडी आणली असती तर म्हणाली असतीस, सहीची किंमत घेऊन आला."

"म्हणालेच असते." कांदे निवडणं चालूच होतं. "म्हणजे सहीसाठीच आलास."

"सहीसाठीच."

"खोटं तरी बोलायचं रे. म्हणायचं, आठवण आली."

 तिनं मधला कांद्याचा ढीग पायानं बाजूला सारला आणि मी तिथं खाली बसलो. सगळं सांगितलं, जर्मनी, आठ लाख, बँकेतली बाई. ऐपतीच्या फॉर्मचंही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "हे मात्र तूच करू जाणे," आणि हात पदराला पुसून कागद घेतला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"तू वाचलास का?"

"वाचला. यात तुझा हक्क जात नाय. कर्ज फिटलं की बोजा उतरतो."

"नाय फिटलं तर?"

"तर रान जाईल. दोघांचंही."

तिनं कागद गुडघ्यावर ठेवून सरळ केला. हायवेवरून ट्रक जात होते. मग म्हणाली, "सही देते. हक्कसोड नाय देणार, पुन्हा कधी मागायचं बी नाय. आणि सही करायच्या आधी मला माझं निम्मं दाखव. कुठून कुठवर ते. इतकी वर्षं कागदावरच हे ते."

मी म्हणालो, "वाटणी झालेली नाय. दाखवू काय?"

"ते तू ठरव. चहा घेतोस का?"

घेतला.

ती त्याच दिवशी माझ्याबरोबर आली. घरी न जाता सरळ रानात गेलो. चौदा वर्षांत मी खालच्या अंगाला शेड उभं केलं होतं, ठिबक टाकलं होतं, ते तिनं नुसतं पाहिलं. बांधाबांधानं पूर्ण फिरली. पाय दुखत होते तिचे, दोनदा थांबली. मी मागं मागं चालत होतो. माझ्याच रानात मी असा कोणाच्या मागं कधी चाललो नव्हतो. शेवटी विहिरीच्या अंगाला उभी राहिली. तिथली माती काळी आहे, पाणी आधी तिथं पोचतं. हे तिला लहानपणापासून माहीत.

"इथून तिथवर माझं," म्हणाली आणि हातानं रेघ दाखवली. रेघ माझ्या उभ्या कोथिंबिरीतून जात होती.

माझ्या तोंडात आलं होतं, चांगलं तेवढं बरं ओळखलंस. मी ते बोललो नाही. नात बांधावर येऊन उभी राहिली होती, तिला कोणीतरी सांगितलं असावं. ती दोघांकडं बघत होती आणि हातातला मोबाइल नुसता फिरवत होती.

"बरं," मी म्हणालो.

"नीट म्हण."

"तिथवर तुझं. विहीर दोघांत राहील."

"राहू दे. कोथिंबीर तुझी तू काढून घे, घाई नाय." मग नातीकडं वळून, "काय गं, तिकडं बर्फ पडतो म्हणे. स्वेटर घेतलास का नाय अजून?"

नात म्हणाली, "नाही, आत्याआजी. अजून काहीच घेतलं नाही." आणि तिथं मात्र ती रडली, बांधावर उकिडवी बसून. बहीण तिच्याजवळ गेली. मी पाण्याचा वॉल बंद करायला गेलो. तो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी बँकेत त्या बाईंनी बहिणीला विचारलं, व्यवसाय काय लिहू? सुनेच्या बँकेच्या पुस्तकात गृहिणी लिहिलंय, मला वाटलं तसंच सांगेल. ती म्हणाली, "शेती." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी समोरचं कॅलेंडर बघत होतो. सही तिनं सावकाश केली, प्रत्येक पानावर, पान आधी वाचून. रांगेतला एक माणूस कंटाळून निघून गेला.

कर्ज मिळालं. पैसे तिकडच्या बँकेत अडकवले. व्हिसासाठी नात मुंबईला जाऊन आली, तिथं तिला विचारलं म्हणे, खर्च कोण करतंय? तिनं सांगितलं, आजोबा आणि त्यांची बहीण, दोघांची जमीन आहे. हे तिनं जेवताना सांगितलं. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी भाकरी मोडली आणि खाल्ली. ते बरोबर होतं का चूक होतं असं कोणी विचारलं असतं तर मी बरोबर म्हणालो असतो, पण कोणी विचारलं नाही.

ती गेली त्या दिवशी बहीण आली होती. स्वेटर तिनंच आणला. नात आधी माझ्या, मग तिच्या पाया पडली. मी सांगायचं ठरवलं होतं की नीट राहा, पैशाची काळजी करू नको. तोंडातून निघालं, "पासपोर्ट घेतलास का?" ती म्हणाली घेतला. गाडी गेली. सून दारात रडत होती, मुलगा गाडीबरोबर गेला होता. मला आनंद व्हायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. मी माफी मागितलेली नाही. बहिणीनं मागायला लावलेली नाही. आम्ही दोघं अंगणात खुर्च्यांवर बसलो, ऊन आलं तेव्हा खुर्च्या सावलीत सरकवल्या.

नंतरच्या आठवड्यात मी भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन मोजणीचा अर्ज दिला. हातानं दाखवलेली रेघ पुरत नाही, खुणा रोवायला सरकारी माणूस यावा लागतो. अर्ज मुलानं लिहिला, वाचून मी सही केली. अर्जदार म्हणून दोन नावं आहेत. मोजणीची तारीख अजून आलेली नाही.