गाल गेलेले रुपये

नाचणगावची धुरपताबाई पुलगावच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला बसायची. बोंड चिमटीत ओढून बघितलं की धागा लांब पडेल की आखूड, हे ती बोलता बोलता सांगायची. तिथे येणारे एक दलाल होते, ताराचंदजी. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद, आणि नेमका डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हंगाम संपत आला तेव्हा ते तिला म्हणाले, "धुरपताबाई, आमच्या वट्यावर बसत जा. डोळे तुमचे, शब्द माझे."

नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही, उन्हाकडे तिरपं करून त्याचं पाणी बघायचं, हे त्यांनी तिला शिकवलं. शब्द चारच होते. न वापरलेलं ते कोरं. चार हातांतून गेलं ते फिरलेलं. पुढे घासलेलं आणि शेवटी गेलेलं.

"झीज आधी उंचवट्यावर दिसते," ताराचंदजी सांगायचे. "मुकुट, भुवई, कान, दाढी. पन सगळं बरोबरीनं जाते. मानूस म्हातारा होते ना, तसं."

ते सत्तावन्न साल होतं. नवे पैसे नुकतेच निघाले होते आणि जुनं चांदीचं नाणं आता मातीमोल होणार, अशी आवई बाजारोबाजार उठली होती. लोक गाडग्यामडक्यांतले रुपये काढून ताराचंदजींच्या ओट्यावर आणू लागले. देवळीहून कोणी एक रुपया आणला, पंचम जॉर्ज राजाचा, पहिल्या मोठ्या लढाईच्या काळातला. धुरपतानं तो तिरपा केला आणि तिचा हात थबकला. मुकुटाचा मणी न् मणी शाबूत होता. छातीवरच्या साखळीतला हत्ती काल कोरल्यासारखा. पाणी लख्ख. फक्त राजाला तोंड नव्हतं. डोळा, नाक, गाल, सगळं एका गुळगुळीत, डावीकडे कललेल्या खळग्यात गेलेलं.

"काय आहे? कोरं का?" ताराचंदजींनी विचारलं.

"अंग कोरं आहे, शेठजी. तोंड गेलेलं."

"असं होत नाई."

"मंग हात लावून पाहा."

त्यांनी स्वतःचाच नियम मोडून बोट फिरवलं आणि झटकन काढून घेतलं. "कोनी कानशीनं घासलं असन," ते म्हणाले. पण कानशीच्या रेघा असतात, आणि इथे एकही रेघ नव्हती.

पंधरवड्यानं आर्वीकडच्या माणसानं तसाच एक आणला. खळगा तिथेच, तसाच डावीकडे कललेला. दुपारची वेळ होती. वैशाखात पुलगावचा रस्ता पांढरा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. ताराचंदजी आत पाणी प्यायला गेले होते. धुरपतानं काही मनात न आणता आपला अंगठा त्या खळग्यावर ठेवला. तिचा अंगठा जन्मापासून रुंद, चपटा आणि डावीकडे वळलेला. तो त्या खळग्यात असा बसला, जसं झाकण डब्यावर बसतं. चांदी गार असायला हवी होती. ती कोमट होती.

ताराचंदजी आले तेव्हा तिनं त्यांचा अंगठा ठेवून बघायला सांगितलं. तो बसला नाही. मुनीमाचाही बसला नाही.

आदल्या दसऱ्याला धुरपतानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव उचलले होते, भूतखेत मानायचं नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे ती कोणाशी बोलली नाही. पण भाकरी थापताना, लुगडं पिळताना आपला अंगठा बोटावर गोल गोल फिरतोय, हे तिच्या ध्यानात येऊ लागलं. ती मूठ आवळून धरायची.

तिसरा रुपया आंजीच्या तेल्यानं आणला. हा कुठून आला, असं तिनं त्याला विचारलं.

"पलीकडच्या पाड्यावरची रुखमा गोंडीन आहे. तिनं तेलाच्या बदल्यात देल्ला. काऊन?"

"काई नाई," धुरपता म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं आंजीची मोटार धरली.

पाडा उघड्या माळावर होता. रुखमा चाळिशीची, काटक बाई. रुपयांचं नाव काढताच ती घाबरली. "चोरीचे नाईत, बाई. माह्या आजीचे आहेत. एका जाग्यावर विकले तर लोक इचारतीन, म्हनून येगयेगळ्या बाजारात देल्ले."

"मी धरायले नाई आली. त्याचं तोंड कोनं पुसलं, तेवढं सांग."

रुखमानं नुसतं झोपडीकडे बोट केलं.

झोपडीच्या उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती, रुखमाची आजी सखू. डोळ्यांची बुबुळं दुधासारखी. मांडीवर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. पण उजवा अंगठा, धुरपताच्या अंगठ्यासारखाच रुंद आणि वळलेला, हवेत फिरत होता, सावकाश, न थांबता.

रुखमा हळू आवाजात सांगू लागली. तिचा बाप मंगरू, सखूचा एकुलता एक मुलगा; अंगठाही मायसारखाच, असं आजी सांगायची. रुखमा रांगत होती तेव्हा साहेबाची माणसं आली. राजानं बोलावलं आहे, लामावर, लढाईच्या आघाडीवर, ओझी वाहायला माणसं पाहिजेत, म्हणाली. जाताना आगाऊ म्हणून कोरे करकरीत रुपये देऊन गेली. मंगरू परत आला नाही. कागद आला नाही, निरोप आला नाही. म्हातारीनं त्यातला एकही रुपया खर्चला नाही. ज्यानं पोराला बोलावलं तो हाच राजा, असं कोणी तिला दाखवलं, तेव्हापासून ती एकेक रुपया हातात घेऊन त्याचं तोंड पुसत बसली.

"डोये गेल्यावर मी हयूहयू ते काढून घेतले. नवे पैसे आले, हे बुडतीन म्हनत. पन तिचा अंगठा काई थांबला नाई."

धुरपता म्हातारीसमोर बसली. तो फिरणारा हात बघवेना म्हणून तिनं तो आपल्या हातात धरला. म्हातारीची बोटं तिच्या तळव्यावरून चाचपडत वर सरकली, अंगठ्याशी आली आणि तिथेच थांबली. रुंद, चपटा, डावीकडे वळलेला. तिनं तो दोनदा चाचपला.

"मंगरू?" ती म्हणाली. "कवा आला, बापू?"

रुखमानं तोंडावर पदर घेतला. मग धुरपताच्या तोंडून जाड्या, तिला स्वतःला अनोळखी आवाजात शब्द निघाले, "हव माय. आलो."

म्हातारीचा अंगठा थांबला.

बाहेर आल्यावर रुखमा म्हणाली, "तुमी काऊन असं बोलल्या?"

"मले नाई माईत," धुरपता म्हणाली, आणि ते खरं होतं.

मृग लागायच्या आधी सखू गेल्याचा निरोप तेल्याकडून आला. धुरपता भेटायला गेली. रुखमानं तिला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि विचारलं, "बाई, तुमी मधल्या दिवसांत आलत्या का? संध्याकायच्या?"

"नाई."

"आजी रोज म्हने, मंगरू वावरातून येऊन राह्यला, ताट काढ. तिच्या समाधानासाठी मी काढो. अंगनात ठेवो."

"मंग?"

"ताट रिकामं सापडे. धुतल्यासारखं."

"कुत्रं असन."

"पाड्यावर कुत्रं नाई राह्यलं. उन्हायात वाघरानं नेले सारे."

पुढे ताराचंदजींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, ते स्वतः बघू लागले, आणि धुरपता पुन्हा जिनात कापूस निवडायला बसली. त्या तीन रुपयांना कोणता शब्द लावायचा, हे दोघांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ताराचंदजींच्या पेटीत ते वेगळ्या फडक्यात राहिले. हंगाम संपला की धुरपता दरसाल रुखमाकडे राहायला जायची. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या होत्या. दिवस मावळला की रुखमा अंगणात ताट ठेवायची. ते आजीसाठी नव्हतं, आजी तर गेली होती. ते बापासाठी होतं, आणि तो तिला आठवतही नव्हता. धुरपता तिला काही म्हणायची नाही. अंगणाकडे पाठ करून बसायची आणि मोठ्यानं कापसाच्या भावाच्या गोष्टी बोलत राहायची.