कुरईचा घाट आणि सायलेन्सरातलं सूत

परवा एका तरुण वाचकाने विचारलं, "काका, सायलेन्सर बदलला की गाडी पुन्हा ट्यून करावीच लागते का?" त्याची गाडी इंजेक्शनची. तिला आता म्हणे लॅपटॉप जोडतात आणि पेट्रोल-हवेचं गणित बोटाने बदलतात. आमच्या वेळी त्या जागी कार्बुरेटर होता आणि लॅपटॉपच्या जागी मेकॅनिकचा कान. तर बाळा, उत्तर एका शब्दात देतो: हो. आणि आता उत्तर दिलंच आहे तर शिवनीला जाऊन येऊ.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत बाबा आणि मी असे दोघेच राहत होतो. आई आदल्या वर्षी गेली होती. बाबा मूळचे वैनगंगेकाठच्या पवनीचे. जातीने कोष्टी, जन्मभर हातमागावर लुगडी विणलेली. पुढे लुगडी नेसणाऱ्या बाया कमी झाल्या आणि पुढच्या खोलीतला त्यांचा माग थांबला. अशात माझी नाशिकला बदली झाली. बाबांना एकटं ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. "चला माझ्यासंगं," म्हणून मी रोज मागे लागायचो आणि ते रोज विषय बदलायचे. एके दिवशी जेवताना म्हणाले, "जे नदी पाहून मी लहानाचा मोठा झालो, ते कोठून निंगते ते कधी पाह्यलंच नाई. एकडाव दाखव. मंग सांगतो तुले, येतो का नाई."

वैनगंगा शिवनीजवळच्या मुंडारा गावात उगम पावते. नागपूरहून जाताना कामठी, मनसर, देवलापार, खवासा अशी गावं घेत सरळ उत्तरेला जायचं. एका दिवसात पोचता येतं, पण घाई करू नका. जायचं तर शिमग्याच्या आधी जा. पळस फुललेला असतो आणि मोहाला नुकते कळे धरलेले असतात.

माझ्या साडेतीनशेच्या फटफटीचा सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता. लकडगंजातल्या एका कबाड्याकडून मी दुसरा आणून बसवला. तो आतून बराचसा मोकळा. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसत. धूर मोकळेपणाने बाहेर पडायला लागला की इंजिन हवाही जास्त ओढतं, पेट्रोल मात्र जुन्याच मापाने येतं. मग गाडी उपाशीपोटी पळते. मूठ सोडली की फटाके, प्लग पांढरा फटक, इंजिन तापून लाल. आमचे मेकॅनिक अन्वरभाई, त्यांनी कार्बुरेटरात पेट्रोल सोडणारं जेट मोठं टाकलं, हवेचा स्क्रू फिरवत, कान लावत सकाळ घालवली आणि बजावलं, "आता सायलेन्सरले हात लावू नका, भाऊ. लावला का सगळं पुन्हा करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडता निघालो. आणि काय सांगू, गाडी इतकी शांत की मला स्वतःचं कौतुक वाटलं. थोडी जड ओढत होती, पण मागे बाबा होते, पिशवी होती, म्हटलं असेल. कन्हानच्या पुलावरून खाली वाळूत कलिंगडाच्या वाड्या दिसत होत्या. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस, मनसरपर्यंत थांबलाच नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा मागाच्या कांड्या भरता भरता गाणं म्हणायची आणि आजोबा आले की गप्प व्हायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, रस्ता रिकामा आणि कानाशी बाबांचा आवाज. ही वाट संपूच नये असं मला वाटत होतं.

मनसरला आलुबोंडे खाल्ले. तिथला चहा गोडमिट्ट, पण आलुबोंड्यासोबतच्या तळलेल्या मिरचीसाठी थांबाच. पुढे देवलापारच्या जंगलात काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला. मी म्हटलं, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळत असतील.

"पाला नोहे हा," बाबा म्हणाले.

खवाशाला मध्यप्रदेश लागतो आणि पुढे कुरईचा घाट. चढ लागला तशी गाडी खोकायला लागली. मागून काळा धूर. दुसऱ्या वळणावर ती एका सागाखाली बंदच पडली. प्लग काढला तर काजळीने माखलेला. म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. माझं डोकं चालेना. नागपुरात उपाशी होती ती आता अजीर्ण होऊन पडली होती. अन्वरभाईंना मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. मग सायलेन्सरच्या तोंडाशी वाकलो तर आतून धुमसत होतं.

"बाबा, यात काय आहे?"

बाबा रस्त्याकडे बघत उभे होते. "सूत हाय."

"सूत?"

"मागावर दशा उरल्या होत्या ना, लुगड्याचं टोक संपल्यावर राहते ते सूत. त्याच्या गुंड्या केल्या, खळीत बुचकळल्या अन् काडीनं आत ठासल्या. म्हटलं, खळ लावली तं जळणार नाई लवकर."

धुराला कोंडायला खळ लावलेलं सूत. असा इलाज कोष्ट्याच्याच घरात सुचणार. जेट मोकळ्या सायलेन्सरच्या मापाचं आणि बाबांनी त्याला बूच मारलेलं. मला राग आला आणि हसूही आलं. "पण काहून, बाबा? आवाजाचा त्रास होत होता तं सांगायचं होतं मले."

"आवाजाचं काय हाय? जन्म खटखटात गेला माया." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले तुयासंगं बोलायचं होतं गा. तू आता नाशिकले चालला. घरी तू घाईत रायते, मी गप. म्हटलं, रस्त्यानं बोलू. पण ह्या फटफटीवर काई ऐकू येत नाई."

मी खाली बसलो. गाडीचं काही बघायचं आहे असं दाखवून बराच वेळ खालीच बसून राहिलो. डोळ्यात पाणी आलं होतं आणि धूर होता, हे बरंच झालं.

कुंपणाच्या तारेचा आकडा करून आम्ही दोघांनी ते सूत ओढून काढलं. अर्धं राख, अर्धं काळं. प्लग घासून लावला आणि किक मारली. गाडी पूर्वीसारखी गरजली. अन्वरभाईंची मनातल्या मनात माफी मागितली. घाट सहज चढला, पण शिवनीपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. दोनदा बाबा काहीतरी म्हणाले, दोनदा मी "काय?" म्हणून ओरडलो, मग त्यांनी नाद सोडला.

रात्री शिवनीच्या धर्मशाळेत मुक्काम केला. स्वस्त आणि स्वच्छ होती, फक्त पांघरूण आपलं न्यावं. सकाळी मुंडाऱ्याला गेलो. उगम म्हणून डोळे दिपतील असं काही शोधू नका. एक कुंड, काठाला देऊळ, पायऱ्यांवर झेंडूची फुलं. पुजारीबुवांनी हिंदीत सांगितलं की नदी इथून आधी उत्तरेला जाते, मग मोठा वळसा घालून दक्षिणेला येते, भंडाऱ्याकडे. बाबांनी मला पुन्हा विचारलं, "म्हणजे पवनीच्या उलट्या दिशेनं निंगते?"

"हो जी."

"अन् तरी पवनीलेच येते." त्यांनी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि पायरीवर बसून राहिले. उन्हाची तिरीप पाण्यातून त्यांच्या धोतरावर हलत होती. नाशिकला येणार का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

परतीला कुरईच्या माथ्यावर मी इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर सोडली. तुम्ही असं करू नका, ब्रेक तापतात आणि समोरून ट्रक येतात. पण त्या दिवशी ट्रक आला नाही. चाकांची सळसळ, सागाची वाळकी पानं आणि वारा. बाकी जंगल गप्प होतं.

"बोला आता," मी म्हटलं.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग बाबा म्हणाले, "तुया नाशिकले मले कोण ओळखते?"

"मी ओळखतो ना."

ते हसले. त्यांचं हसणं पाठीला जाणवलं. "तुयी माय असती तं काय म्हणाली असती?"

"आई पेटी भरून आधीच दारात बसली असती."

"हो. ते बसली असती." पुढे ते तिच्याविषयीच बोलत राहिले. मी ब्रेक दाबून दाबून जितकं सावकाश उतरता येईल तितकं उतरलो. सपाटी लागली आणि किक मारावी लागली.

नागपुरात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला धबधब असा आवाज ऐकू आला म्हणून पुढच्या खोलीत गेलो. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पायाने माग चालवतो. आमच्या घरातला माग केव्हाच उचलला होता, तरी त्याचा खड्डा तसाच होता. बाबा घमेल्याने माती आणून त्यात टाकत होते. मी घमेलं घ्यायला पुढे झालो.

"तू नोको," ते म्हणाले. "मीच खोदला होता. घर सोडताना उघडा ठेवू नये. कोणाचं लेकरू पडन."

मला हवं होतं तेच उत्तर मिळालं होतं. तरी वाटलं, म्हणावं, राहू द्या बाबा, नका येऊ. म्हणालो नाही, मला ते सोबत हवेच होते.

त्यांनी माती पायांनी दाबली, पाणी शिंपडलं, हाताने सारवून घेतली. मग दम खायला नेहमीच्या जागी काठावर बसले आणि पाय कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. थोडा वेळ ते तसेच अवघडून बसले. मग त्यांनी हळूच मांडी घातली.