दोर सोडलेल्याचा वाटा

सहदेवला मी पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. माझी शेवटची नाईट होती. दशावतारात चाळीस वर्षं बायकांची सोंगं काढली, त्या रात्री द्रौपदी होती. रंगपटात बसून कपाळावर कुंकू रेखत होतो, तर मागे दारात एक काळासावळा माणूस कॅमेरा डोळ्याला लावून उभा. एकदाच बटण दाबलं आणि निघून गेला.

महिन्याभराने तो फोटो घेऊन मसुऱ्याला माझ्या घरी आला. अर्धी द्रौपदी, अर्धा थकलेला म्हातारा. एवढा खरा मी मला कधी दिसलो नव्हतो. पैसे विचारले तर म्हणाला, "नाय हो दाजी, फोटो तुमचोच मा तो."

तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

सहदेव किनाऱ्यावरच्या वाडीतला, मासेमारी करणाऱ्या घरातला. चार वर्षं जहाजावर नोकरी केली, त्या पैशांतून कॅमेरा घेतला. पहाटे रापणीला जायचा. होडी समुद्रात जाळं गोल टाकून येते आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायची, ती रापण. मासळीचे वाटे तिथेच वाळूवर पडतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला एक वाटा. होडीला वाटा, जाळ्याला वाटा. रापणीतून सुटला की सहदेव कॅमेरा घेऊन भटकायचा. घरची छोटी होडी इंजिन बंद पडल्यामुळे माडाखाली पालथी पडली होती.

बायको वर्षाली मालवणच्या बाजारात मासळी विकते. तिने माझ्यासमोरच त्याला बजावलं, "नारळी पुनवेपर्यंत बघतंय. तवसर ह्या कॅमेऱ्यान घरात कायतरी हाडल्यान तर रवांदे. नायतर तो इकान इंजिन घेवचा."

मी म्हटलं, कॅमेऱ्याने घरात पैसा आणायचा ना, सोपं आहे. असे फोटो लोक भिंतीवर लावतात, विकत घेतात, फक्त याला विकायला शिकवायला हवं. माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, तालमी सुरू झाल्या. मी गिऱ्हाईक, तो फोटोवाला.

"कितीक देतलंस?"

सहदेव जमिनीकडे बघून, "तुमी काय देशात तां."

"मेल्या, राजा दरबारात येवन 'तुमी म्हणशात तर मी राजा' असा म्हणता काय? मान वर कर!"

ओट्यावर बसलेली वर्षाली हसत सुटायची. "दाजीनू, सुरमयेचो भाव सांगताना माजी मान कधी खाली बघल्यात? ह्येका माज्या वांगडा बाजारात बसवा."

आंगणेवाडीच्या जत्रेत आम्ही मांडव घातला. मी जुना जरीचा शेला काढला, त्यावर फोटो मांडले. लोक आले, पण आपली माणसं शोधायला. "ह्यो आमचो मामा मा? मगे फोटो आमकाच होयो." सहदेव मान खाली घालून काढून द्यायचा. माझा घसा बसला, फोटो संपले आणि गल्ल्यात काही पडलं नाही.

तरी नशीब फिरल्यासारखं झालं. आमच्या कंपनीतल्या पेटीवाल्याची नात रसिका हॉटेलं सजवण्याचं काम करते. आजोबांच्या आठवणीखातर ती मला भेटायला आली आणि भिंतीवरचा, सहदेवने काढलेला रापणीचा फोटो पाहून उभीच राहिली. पहाटेचा राखी उजेड, दोर तारेसारखा ताणलेला, पुढे रापणीचा म्होरक्या बाबू तांडेल दात आवळून मागे रेललेला.

"दाजीआजोबा, हा मला आठ फुटी हवाय. नव्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर. आणि दर वर्षी नवे फोटो याच माणसाकडून. फक्त यात ज्यांचे चेहरे दिसतात, त्या सगळ्यांची लेखी संमती लागेल. मालकांचा नियम आहे."

कॅमेरा वाचला, असं मला वाटलं. पेढे घेऊन मी सहदेवबरोबर किनाऱ्यावर गेलो. रापण नुकतीच आली होती, माणसं वाळूवर बसली होती. मी सगळं समजावलं. बाबू तांडेलने पेढा खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, "मगे वाटे कशे?"

"कसले वाटे?"

"फोटो रापणीचो. दोराक हात आमचे, घाम आमचो. वाटे पडूक नको?"

सहदेव लगेच म्हणाला, "पडांदेत. समान वाटे करूया." कटकट नाही, खळखळ नाही. तो त्यांच्यातलाच ना.

"होडयेक एक," बाबू मोजू लागला, "जाळ्याक एक. फोटोत जाळा दिसता."

"आणि सहदेवाचो?" मी विचारलं.

बाबूने मोजणं थांबवलं.  मग तो अगदी शांतपणे, देवळात बोलावं तसा बोलला, "सहदेवान फोटो काढूक दोर सोडल्यान. दोर सोडल्याक वाटो नाय, दाजी. ही आजची रीत न्हय."

"अरे, जाळ्याला वाटा देता, मग कॅमेऱ्याला का नको?"

"कॅमेरो रापण ओढता काय?"

हशा पिकला. मी आयुष्यभर हशे घेतले, पण असा कडू हशा ऐकला नव्हता. मी सहदेवकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा मान वर करील. तो वाळूकडे बघत म्हणाला, "बाबू बोलता तां खरा. दोर सोडलंय मी."

मी चिडलो, भांडलो. शेवटी बाबूने अर्धा वाटा कबूल केला, तर दोराच्या दुसऱ्या टोकाची माणसंही वाटा मागत बिघडली: आम्ही दोर ओढला, पण फोटोत आलो नाही, हा काय आमचा दोष? सह्या कोणी करीना. एकेकाच्या दारात जाऊन आलो. रसिकाचे फोन येत राहिले, मग एक दिवस म्हणाली, "मालक थांबायला तयार नाहीत, आजोबा. मुंबईहून फोटोग्राफर येतोय. मला खरंच वाईट वाटतंय."

तो आला, छत्र्या आणि दिवे घेऊन. त्याने सगळ्यांना पांढरी मुंडासी बांधली. आमच्या किनाऱ्यावर मुंडासं कोण बांधतं? वडापाव आणि चहा दिला. रिकामं जाळं पुन्हा पुन्हा ओढून घेतलं, "हसा, हसा" म्हणत. आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

मला कळल्यावर मी बाबूला बाजारात गाठलं. "आता वाटो खंय, बाबू?"

तो खरोखरच दुखावला. "ओ दाजी, पावण्याकडे कोण वाटो मागता? आमका लाज नाय?"

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कॅमेरा कुडाळच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे गेला. वर्षाली त्या दिवशी बाजारात बसली नाही.

दिवाळीत रसिकाने हॉटेल बघायला नेलं. दर्शनी भिंतीवर तो आठ फुटी फोटो. मुंडासी, हसरे चेहरे, सोनेरी ऊन आणि दोराला झोळ पडलेला. मी नटमाणूस. ओझं नसताना ओझं दाखवायचं तर पाठ कशी वाकते, हे मला ठाऊक आहे. या मंडळींना तेही जमलं नव्हतं. रांगेत चौथ्या माणसावर माझी नजर गेली. मुंडासं कपाळापर्यंत ओढलेलं, तो तेवढा हसत नव्हता. सहदेव.

परतताना मी वाडीत उतरलो. तो होडीपाशी नव्या इंजिनाला तेल घालत होता.

"तू कित्याक उभो रवलंस रे त्यांच्यात?" माझा आवाज चढला. "तुजो फोटो मारून त्यांनी आपलो लावलो, आणि तू मुंडासा बांधून दोर धरलंस?"

सहदेवने मान वर केली. तालमीत कधी केली नव्हती, तेवढी वर.

"ह्या खेपेक मी दोर सोडूक नाय, दाजी," तो म्हणाला. आणि बोटं फडक्याला पुसून विचारलं, "फोटोत उजेड कसो इलोहा?"